हातभर कोरी जागा

टेपचं एक टोक छपाईवाल्याच्या हातात होतं आणि दुसरं पेंटरच्या. मोजायचं होतं पेंटरचंच दुकान. शेजारचा छपाईवाला ते विकत घेणार होता, आणि विकणारा माणूस स्वतः टेप भिंतीला अंगठ्याने दाबून धरून त्याला मदत करत होता. भिडस्तपणा म्हणतात तो हाच. मोठं मशीन इथे आरामात बसेल, असं छपाईवाला खुशीत म्हणाला. पेंटर म्हणाला, बसेल की.

माणूस वाईट नव्हता छपाईवाला. भाव चोख ठरवला होता, चावी संध्याकाळी दिली तरी चालेल म्हणाला होता. पण त्याच्या छापील बोर्डांनीच पेंटरचं अर्धं गिऱ्हाईक पळवलं होतं, हेही खरं. उरलेल्या अर्ध्यात घर चालत होतं, कॉलेज चालत नव्हतं. लेकीचं पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाची फी ऐकून पेंटरला वाटलं, कारकुनाने एखादं शून्य जास्त वाचलं असेल. त्याने पुन्हा विचारलं. कारकुनाने पुन्हा तेवढीच सांगितली, आणि पुढच्या वर्षी आणखी वाढणार, हे वर फुकट सांगितलं.

बोर्ड रंगवायचे पैसे पेंटर अक्षरागणिक घ्यायचा. डॉक्टर, वकील यांच्या नावापुढच्या पदव्या त्याने जन्मभर रंगवल्या. कॉलेजवाले एका अक्षराचे जेवढे घेतात तेवढे मी घेतले असते तर माझी माडी झाली असती, असं तो हसत हसत सांगायचा. पण ती अक्षरं रंगवताना त्याचा हात जरा जपूनच चालायचा. आपल्या घरात एकाच्या तरी नावापुढे ती यावीत, एवढी एकच हाव त्याला होती.

मोजत मोजत दोघं मागच्या भिंतीपाशी आले. तिथे एक बोर्ड टांगलेला होता. निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत पेंटरच्या लेकीचं नाव, आणि नावापुढे हातभर कोरी जागा. त्या जागेत पेन्सिलीच्या दोन फिकट रेषा.

हा अर्धाच का राहिला, छपाईवाल्याने विचारलं. पेंटरने सांगितलं, लेक शाळेतून पास झाली त्याच दिवशी रंगवून ठेवलाय. पदवी कुठली घेईल ते माहीत नव्हतं, म्हणून जागा सोडलीय. छपाईवाल्याने मान हलवली. "माझ्याकडे मशीनवर बसतात ती दोन्ही पोरं पदवीधरच आहेत, बरं का," तो म्हणाला. पेंटरला ते लागलं. लोकांच्या पोरांचं मला काय सांगता, असं काहीतरी तो पुटपुटला आणि घरी न्यायला म्हणून बोर्ड खिळ्यावरून काढू लागला.

तेवढ्यात लेक दारात येऊन उभी राहिली. कॉलेजच्या वेळेला तू इथे कशी, हे त्याने विचारायच्या आतच तिने सांगून टाकलं, की आईच्या पोटात काही राहत नाही. दुकान विकायला काढलंय हे तिला सकाळीच कळलं होतं. फीचे पैसे केव्हाच बाजूला काढलेत, असं बाबा तिला इतके दिवस ऐकवत होते.

ती भांडली नाही. तिने बाबांच्या हातातून बोर्ड घेतला, टेबलावर ठेवला आणि पिवळ्या रंगाचा डबा उघडला. हाताला टेकू द्यायची काठी तर तिने न बघताच उचलली. सुट्टीत तिने याच हाताने बाजारातल्या दुकानांच्या काचा रंगवल्या होत्या. त्या बघून गिऱ्हाईकं अजून विचारत येत होती, आणि पोरीचा छंद आहे हो, असं म्हणून पेंटर त्यांना वाटेला लावत होता.

आता मात्र तो हबकला. पदवी मिळायच्या आधी लिहू नये एवढी तरी अक्कल हवी, म्हणाला. तिने लक्ष दिलं नाही. पेन्सिलीच्या रेषांमध्ये अक्षरं उमटू लागली. आधी 'आणि'. पेंटरला काही कळेना. अशी कुठली पदवी त्याने आजवर रंगवली नव्हती. मग एक 'व'. मग आणखी दोन अक्षरं. हातभर जागा बरोब्बर भरली.

छपाईवाल्याने मोठ्याने वाचलं. लेकीचं नाव, आणि त्यापुढे 'आणि वडील'.

पेंटर बोर्डावर वाकला. डोळे भरून आले होते, पण नजर कामाची. 'डी'ची वेलांटी जरा जाड झालीय, हे त्याच्या ध्यानात आलंच, आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. मग म्हणाला, "आणि शिक्षण?"

"मला हेच काम करायचंय, बाबा. काम करत करत शिकेन. बाहेरून परीक्षा देईन."

"आणि पदवी मिळाली म्हणजे ती कुठे लिहायची? जागा तर संपली."

"तेव्हा मोठा बोर्ड करू," लेक म्हणाली आणि ब्रश पुसू लागली.

पेंटर हसला. किती तरी दिवसांनी असा पोटातून हसला. ओल्या रंगाला बोट लागू न देता त्याने बोर्ड कडांनी उचलला आणि दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून टेकवून ठेवला.

छपाईवाला टेप गुंडाळत होता. "म्हणजे संध्याकाळी चावी काही मिळत नाही म्हणा," तो म्हणाला.

"मला कशाला विचारता?" पेंटर म्हणाला. "मालकीणबाईंना विचारा."