साबणावरची अक्षरं

माणसाला जगायला फार थोडं लागतं, असं सगळे थोर पुरुष सांगून गेले आहेत. मुद्रितशोधकाने ते घरातल्या तिघींवर करून पाहिलं, आणि वर्षभरातच त्याला तिघींची भीती वाटू लागली.

तो वर्तमानपत्रात कामाला होता. घरखर्चाला कात्री लावण्याचं साप्ताहिक सदर त्याच्याकडेच तपासायला यायचं. त्यातल्या चुका ऑफिसात राहायच्या, उपाय घरी यायचे. झाकण ठेवूनच शिजवायचं. अंघोळीला अर्धी बादली. नऊनंतर दिवा नाही. रातपाळीही त्याने मागून घेतली होती, कारण रात्री पंखा ऑफिसचा, दिवा ऑफिसचा आणि जेवण कॅन्टीनचं. संध्याकाळी सहाला निघायचं, सकाळी सातला परत यायचं. दिवसभर तो झोपलेला, बायको शाळेत शिकवायला, मुलगी कॉलेजात, आणि आई कुणाकुणाकडे बसायला.

खर्च उतरला तेव्हा तो खूश झाला. मग खर्च उतरतच गेला.

तांदळाच्या डब्याला त्याने आतून पेन्सिलीने रेघ मारली. आठवडा झाला तरी तांदूळ रेघेवरच. न्हाणीघरातला साबण महिन्याचा झाला होता, पण त्यावरचं एकही अक्षर गळलं नव्हतं.

मीटर वाचायला आलेल्याने विचारलं, "साहेब, घर बंद असतं का?"

"चार माणसं राहतात."

तो मीटरकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरला.

तिघी वाळल्या असत्या तर एक वेळ समजलं असतं. पण मुलीच्या गालांवर रंग चढला होता. आईचा जुनाट खोकला गेला होता.

"तुम्ही खाता काय गं?" त्याने एका सकाळी विचारलं.

"अहो, तुम्हीच म्हणता ना, थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"हवा खातो, बाबा," मुलगी म्हणाली. "फुकट असते."

तिघी एकदम हसल्या आणि एकदम थांबल्या. आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "झोप आता. डोळे बघ कसे झालेत." हाताला कसला तरी गोड वास होता. घरातल्या कुठल्याच वस्तूला तो वास नव्हता.

त्याला झोप लागली नाही. जी माणसं खात नाहीत, पाणी सांडत नाहीत, ज्यांचा साबण झिजत नाही, ती माणसं... आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक वाक्य अपुरं सोडलं.

दुसऱ्या पहाटे अंक लवकर छपाईला गेला. वाटेत त्याने दोन लिटर दूध घेतलं, डझनभर केळी घेतली, आणि भाव केला नाही. कात्री गेली खड्ड्यात. तिघी जगल्या पाहिजेत.

सहाला त्याने लॅच उघडलं. घरात कुणी नव्हतं. चादरींवर एक सुरकुती नव्हती. शेगडी गार होती, तिन्ही ब्रश कोरडे होते. तो स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला.

पावणेसातला दार उघडलं.

"आटपा, येतीलच आता," बायकोचा आवाज आला. "तू ब्रश ओले कर, मी चादरी चुरगळते. आई, तुम्ही ते विटकं लुगडं गुंडाळा. आणि चेहरा जरा ओढा, काल फार तजेलदार दिसत होतात."

दुधाच्या पिशव्या छातीशी धरून तो बाहेर आला. तिघी होत्या तिथे थिजल्या.

"तुम्ही... तुम्ही आहात ना?" त्याने विचारलं.

मुलगी म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत, बाबा. दुसरा मजला. दहा महिने झाले."

"तिघीही?" त्याने आईकडे पाहिलं.

आईने लुगड्याची घडी पुन्हा घातली.

"तुलाही न्यायचं होतं रे," ती म्हणाली. "पण हिच्या एकटीच्या पगारात बसेना. सगळीकडे काटून पाहिलं. शेवटी तू कमी झालास, तेव्हा बसलं."