मिरच्यांपाशी भरलेला वर्ग

एकोणीसशे एकोणचाळीस साली नंदुरबारात मी प्रौढ बायकांना अक्षरं शिकवायचे. वर्गात सुपडाबाई आणि तिची सून रखमा शेजारी बसत. रखमाचा रांगता मुलगा तापाने गेला, तेव्हा तिच्या पोटात दुसरा जीव होता. "रडू नको, पोटमाना जीवले बाधी," सासूने बजावलं. रखमा रडली नाही, पण पाटीवर एक रेघही उमटेना. रोज संध्याकाळी वर्गात दिवा लावताना मला तिचे कोरडे डोळे दिसत. एके दुपारी मी वर्ग पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानात, मिरच्यांच्या ढिगापाशी भरवला. "देठ खुडत बाराखडी म्हणा." "बाई, आठे डोया जळतीन ना," सुपडाबाई कुरकुरली. "जळू द्या." थोड्या वेळात सगळ्यांचेच डोळे वाहू लागले. रखमा हमसून हमसून रडली; कुणी हटकलं नाही. वर्ग सुटला, सुपडाबाई मात्र उठेना. "तू घर जाय, पोरी. मन्हा डोया आजून जळी ऱ्हायनात."