वापरला

"दोन वर्षं आम्ही हा वापरला," आखाती देशातल्या कामगार न्यायालयात कंपनीचा वकील अरबीत म्हणाला. "आता त्याला दिसत नाही, तर घरी जाऊ दे."

दुभाषी जुलेखा परकारने झटकन वकिलाकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या मालवणच्या घाडी वेल्डरने तिच्या दिशेने मान वळवली.

"काय म्हणाला तो, बाई?"

"कामावर ठेवलं होतं, एवढंच सांग," वकील तिच्याकडे झुकून पुटपुटला.

अरबीत काम करणं, वागवणं आणि वापरणं ही तिन्ही क्रियापदं ऐन, मीम, लाम या तीन अक्षरांच्या एकाच मुळातून निघतात. त्यातलं वकिलाने कुठलं निवडलं, ते तिने नीट ऐकलं होतं.

"तुम्हाला वापरलं म्हणतो," तिने घाडीला सांगितलं.

घाडी पुढे सरकला. "काम मी केलं. वेल्डिंगला डोळ्यांवर काळी काच मागितली, ती दिली नाही. माणसाला असं वागवतात का, विचारा त्याला."

जुलेखा उठली. तिन्ही क्रियापदं तिने एकेक करून, ठासून, अरबीत मांडली: "काम याने केलं, वापरलं तुम्ही; माणसाला असं वागवतात का?"

वकील खाली बसू लागला. न्यायाधीशांनी लेखणी ठेवली.

"उभे राहा," ते म्हणाले. "तिने काहीतरी विचारलंय."