सातवं मिश्रण

सकाळपासून फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठच्या तळघरात ओडीलने ग्रेनाश आणि सिरा या दोन जातींच्या द्राक्षांच्या वाइन मापं बदलून सहा वेळा मिसळल्या, आणि सहाही वेळा तिच्या बाबांनी नाक मुरडलं. कधी म्हणे ग्रेनाश जास्त पडली, नुसतं ऊन प्यायल्यासारखं लागतंय. कधी म्हणे सिरा डोक्यावर बसली.

ओडीलने मापाचं भांडं त्यांच्यापुढे आदळलं. “मग तुम्हीच मिसळा.”

“मी कसा मिसळू? दोन वर्षं झाली, मला ना वास येत, ना चव कळत.”

“मग इतका वेळ खोट कसली काढताय?”

“तू काय जास्त ओतलंस ते दिसतं. घोट घेतल्यावर तुझं तोंडही दिसतं.”

ओडीलने सातवं मिश्रण केलं आणि त्यांच्याकडे पाठ करून घोट घेतला.

“पाठ फिरवलीस ना?” बाबा म्हणाले. “म्हणजे हेही फसलंय.”