कबरीसाठी स्थळ

तीन वर्षं झाली, कबरी गाय गाभण राहत नव्हती.

"राहील कशी? तुमचा वळू तिचा बाप आहे. बाहेरचा आणा, नाहीतर सगळी दावण रिकामी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विसाभाई ओशाळले. लेक देताना सात पिढ्या तपासणारा माणूस! दुसऱ्याच दिवशी पागोटं बांधून ते हिरण नदीपलीकडे, सामतभाईंचा वळू मागायला गेले.

सामतभाईंनी बशीतला चहा फुंकला. "मुलीची आई कोण?"

"राधा. आमच्या काकूसोबत आंदण आलेली."

"तुमची काकू म्हणजे माझी आत्या. आणि राधेचा भाऊ म्हणजे आमच्या वळूचा बाप. मामेभाऊ लागतो हो, नाही जमायचं."

विसाभाई उठू लागले. सामतभाईंनी हात धरला.

"बसा. आमच्याही चौघी तशाच घरात बसल्यात. जोडीनंच स्थळं बघू."