मुंग्यांची फ्लॉपी

लायब्ररीच्या बाइंडरनं धूळ झटकून कॉम्प्युटरचं जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "घ्या. अख्ख्या लायब्ररीत हे एकच उरलंय."

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि पुस्तक नाकाला लावलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगूनच टाकलं होतं, काय बघायचं ते बघून घ्या. आणि हा बाबा काय बघायला निघाला? ना समुद्र, ना नातवंडं. मुंग्या!

"तुम्ही म्हणे यात मुंग्या सोडल्यात?" बाइंडरनं विचारलं.

"पुस्तकात नाही हो, पुस्तकाच्या शेवटी फ्लॉपी असायची, तिच्यात. माझा प्रोग्रॅम आहे. वापरून बघा, आवडला तर पत्र पाठवा, असा. टाइप करता करता जरा थांबलात, की पडद्याच्या कोपऱ्यातून मुंग्या निघायच्या. एकेक अक्षर डोक्यावर घ्यायच्या आणि चालू पडायच्या. एका कारकुनाचा अख्खा रजेचा अर्ज नेला होता!"

"मागच्या खेपेला सांगितलंत तेव्हा लग्नपत्रिका नेली होती," त्याची मुलगी म्हणाली. भंगारवाल्याला गळ घालून तिनं फ्लॉपी वाचायचं यंत्र मिळवलं होतं, ते पोटाशी धरून ती उभी होती. घरातल्या फ्लॉप्या कधीच्या बुरशीनं खाल्ल्या. लहानपणापासून ती या मुंग्या नुसत्या ऐकत आली होती. "बाबा, आज मुंगी दिसली नाही, तर हा विषय कायमचा बंद. शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय ना. तू यंत्र जोड."

त्यानं शेवटचं पान उलटलं. फ्लॉपी होती! काळी, पातळ, तळहाताएवढी. म्हातारा असा उजळला, की खोलीतला दिवा मालवला असता तरी चाललं असतं. तो ती उचलायला गेला. उचलली जाईना.

"अहो, ती निघायची नाही!" बाइंडर छाती फुगवून पुढे आला. "लोक ढापायचे ना मागच्या मागे. मग पानांबरोबर हिलाही दाभणानं भोकं पाडून शिवून टाकली. कडेला शिवली असती तर फाटली असती, म्हणून मधोमध. मेण लावलेला दुहेरी दोरा आहे, हत्ती बांधा! ओढा, ओढून बघा!"

म्हाताऱ्यानं ओढली नाही. शिवणीवरून बोट फिरवलं, एकेका भोकापाशी थांबत.

"बाबा?"

"होत्या गं," तो म्हणाला. "खरंच होत्या."

भोकं पडलेली फ्लॉपी कुठलंच यंत्र वाचणार नव्हतं. मुलीनं यंत्र हळूच खाली ठेवलं.

"होत्या हो बाबा. नसतील कशा?" ती म्हणाली. औषधाचा चमचा पुढे करताना पोराला 'कडू नाहीये हं' म्हणतात ना, अगदी त्या आवाजात.