पाच ते सहामधला बिघाड

"म्हणजे कालही पुन्हा पाच ते सहाच!" साउंडवाला स्टुलावरून खाली उतरत म्हणाला. "बिघाडाला घड्याळ कळतं, हे मी पहिल्यांदाच बघतोय."

घरातली मुलगी कपाळाला आठ्या घालून उभी होती. आठ महिन्यांपूर्वी वडील पडले, खुबा मोडला आणि त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा ती सासरहून धावत आली होती. वडिलांना गाण्यांची सोबत व्हावी म्हणून तिने घरभर चार स्पीकर बसवून घेतले. चारही खोल्यांत एकच गाणं एकदम वाजायचं. पण गेले दोन महिने रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातला स्पीकर मध्येच मुका व्हायचा, सुरू व्हायचा आणि पुन्हा मुका व्हायचा.

"गाणं गेलं तर जाऊ दे हो दादा," ती म्हणाली. "पण बाबांच्या उशाशी घंटी आहे ना, तीही ह्याच नेटवर चालते. दाबली की माझ्या फोनवर वाजते. मी बाहेर असताना ते पडले आणि नेमकं नेट गेलेलं असलं तर?"

तिला काळजी होती, साउंडवाल्याला मात्र कुतूहलच जास्त. बिघाड सापडेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. ही त्याची तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याने मायक्रोवेव्हवर आळ घेतला, तर तो बिचारा त्या वेळी बंदच असायचा. दुसऱ्या खेपेला त्याने पॅसेजमधली माशांची टाकी बैठकीत हलवली, कारण पाण्यातून लहरी नीट जात नाहीत. मासे हलले, बिघाड जागचा हलला नाही.

"ॲपमध्ये जुन्या नोंदी असतात. बघू जरा?"

तिने फोन त्याच्या हातात दिला. तो एकेक तारीख वर सरकवत गेला.

"गंमतच आहे. सुरुवातीला चाळीस-चाळीस सेकंद बंद पडायचा. आता पाच-सहाच. आपला आपणच बरा होतोय की काय!"

"तो बरा होतोय, बाबा होत नाहीयेत," ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "ते उभे राहिले की दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरी. नवरा तिकडे हाताने करून खातोय. बोलत नाही काही, पण वाट बघतोच ना."

साउंडवाल्याला तिची कणव आली. अशा मुली आता कुठे मिळतात, असं त्याच्या मनात आलं.

ती वडिलांना चहा द्यायला आत गेली, तेवढ्यात त्याने एक प्रयोग केला. पॅसेजच्या एका टोकाला चपलांच्या कपाटावर राउटर होता, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. तो पॅसेजमधून भरभर गेला. गाणं चालू राहिलं. मग तो रमतगमत, पावलापाशी पाऊल टाकत गेला. अर्ध्या वाटेत गाणं बंद पडलं.

स्पीकर दोन-चार सेकंदांचं गाणं आधीच साठवून ठेवतो, हे त्याला माहीत होतं. आड येणारा माणूस, म्हणजे चालतं पाणीच, पटकन गेला तर त्या साठ्यावर निभावतं. रेंगाळला तर साठा संपतो. म्हणजे पाच ते सहा ह्या वेळात कोणीतरी ह्या पॅसेजमध्ये रेंगाळत होतं. त्याने भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या रंगावर खांद्याच्या उंचीला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताच्या मळाचा पट्टा उमटला होता.

मुलगी पिशवी घेऊन बाहेर आली. बाबांच्या खोलीचं दार तिने हलकेच ओढून घेतलं.

"पाच वाजले. मी तासाभरात येते. ही नवऱ्याशी बोलायची वेळ. इथे बाबांच्या कानावर सगळं पडतं, म्हणून बागेतल्या बाकावर बसून बोलते. आज तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते."

"जा ताई, मी बघतो," तो म्हणाला. मनातलं त्याने मनातच ठेवलं.

बाहेरचं दार लागलं. तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसला, चाहूल न देता. पाच-सात मिनिटं गाणं झकास चाललं. मग थांबलं. त्याच्या हातातला तिचा फोन थरथरला: स्वयंपाकघर, संपर्क तुटला. त्याने पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं.

म्हातारा भिंतीला हात लावून चालत होता. ताठ, ओठांतल्या ओठांत मोजत. सोळा, सतरा, अठरा.

"काका!"

म्हातारा थांबला. दचकला नाही. "तुम्हीही गेलात असं वाटलं."

"तुम्ही चालता?"

"दोन महिने झाले. जिनाही उतरेन आता."

साउंडवाल्याचं डोकं फिरलं. "आणि ती पोर रात्रंदिवस तुमचं करतेय! संसार टाकून आलीय इथे. पोटच्या मुलीला असं अडकवून ठेवायचं? लाज वाटत नाही?"

"तिला सांगणार?"

"सांगणारच. बिघाड शोधायलाच बोलावलंय मला."

म्हातारा भिंतीला टेकला. "मी उभा राहिलो, तर तिला निघावं लागेल. इथे राहायला निमित्त उरणार नाही तिला."

"मग निघू दे की! तिचं घर आहे तिकडे, माणूस आहे."

म्हाताऱ्याने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "आत्ता कुठे जाते म्हणाली?"

"बागेत. नवऱ्याशी फोनवर बोलायला."

"मग तिचा फोन तुमच्या हातात कसा?"